शरणपूरचा आफ्रिकी वारसा जपावा

महोदय,
नाशिकमध्ये शरणपूर रोड सर्वांना ठाऊक आहे, पण शरणपूर कसे वसले हे फार थोड्यांना माहीत असते. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी शहराबाहेर ही ख्रिस्ती वस्ती उभारली. शाळेच्या जोडीला तिथे हातकामाचेही शिक्षण मिळे. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथेच वाढली, शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचे आफ्रिकेत निधन झाल्यावर सहकाऱ्यांनी त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला, त्यांत जेकब होता. पुढे तो देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला. नाशिकला शिकलेला हा मुलगा! त्याच सुमारास आजच्या केनियातील मोंबासाजवळ वसलेल्या फ्रीअर टाउन या मुक्त गुलामांच्या वस्तीच्या उभारणीतही नाशिकहून गेलेले आफ्रिकी होते.

हा इतिहास केवळ एका समाजाचा नाही, साऱ्या नाशिकचा आहे. महापालिकेने इथे मराठीत सविस्तर माहितीफलक लावावा, जुन्या कबरी व वास्तूंची नोंद करावी. शाळांच्या सहलीही इथे याव्यात.

– एक वाचक, नाशिक