मॅक्स रोच यांच्या वाट्याला एवढेच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जाझवरचा लेख मन लावून वाचला. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस यांच्याविषयी भरभरून लिहिले आहे. अमेरिकन ड्रमवादक मॅक्स रोच यांना मात्र ‘ड्रम्सची साथ’ एवढ्यावर निकालात काढले. मी तबला वाजवतो. ते वाचून वाईट वाटले.

सॅक्सोफोनवादक पार्कर यांचे १९४५चे ध्वनिमुद्रण ‘को-को’ पुन्हा ऐकावे. रोच तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांच्याआधी ड्रमवादक केनी क्लार्क यांनी लय पायाने वाजणाऱ्या बास ड्रमवरून काढून उजव्या हाताच्या राइड सिम्बलवर, म्हणजे मोठ्या झांजेवर, नेली होती. त्यामुळे मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने आणि पायाने रोच सॅक्सोफोनशी चक्क सवाल-जवाब करतात. पुढे १९५४मध्ये त्यांनी ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन यांच्यासह स्वतःचा पाच वादकांचा संच उभा केला. दोनच वर्षांत ब्राउन आणि पियानोवादक रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. रोच त्यातून फार कष्टाने सावरले.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम १९६०चे: ‘वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनात, म्हणजे रोच यांच्या जन्मराज्यात, कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या काउंटरवर जाऊन बसले होते. या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर तसेच दृश्य आहे. तिच्यातली ‘ड्रायव्हा मॅन’ ही पाच मात्रांची रचना गुलामांवरच्या मुकादमाची आहे. तिच्यात प्रत्येक समेवर रोच यांचा जो कोरडा, कडक आघात पडतो, तो चाबकाचा फटका आहे. त्याच ध्वनिमुद्रिकेतल्या ‘ट्रिप्टिक’मध्ये तर शब्दही नाहीत. गायिका ॲबी लिंकन यांचा आवाज आणि रोच यांचे ड्रम्स, बस्स. प्रार्थना, मग निषेध, मग शांती. मधल्या भागात त्या अक्षरशः किंचाळतात आणि ड्रम्स त्यांना एकटे सोडत नाहीत. याला साथ म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा मान तरी राखा!

१९६६च्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’ या ध्वनिमुद्रिकेमध्ये तीन रचना केवळ ड्रम्सच्या आहेत. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी सुरावट, लागतो. ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’मध्ये रोच यांचे दोन पायच तीन मात्रांचा लेहरा धरून बसतात आणि हात त्यावर विस्तार करतात. तबल्याच्या विद्यार्थ्यांना हे ऐकवले पाहिजे.

१९७२पासून ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होते. १९८८मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २००७मध्ये ते गेले. एवढ्या माणसावर आपल्या पुरवणीत एक स्वतंत्र लेख यावा, आणि यापुढे कोणत्याही मैफलीच्या वृत्तांतात, मग ती जाझची असो वा ख्यालाची, लय सांभाळणाऱ्याचे नाव आणि त्याने काय वाजवले तेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक तबलावादक वाचक, मिरज