डोळे दिले म्हणून बाबांना पिंड दिसला नाही म्हणे

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका लेखकांनी लिहिलंय की हल्लीच्या लोकांना पाप-पुण्याची भीतीच उरली नाही. वाचून हसू आलं. भीती कुठेही गेलेली नाही, उलट एकाच टू बीएचकेमध्ये तीन-चार प्रकारची भीती एकत्र नांदतेय, आणि हे मी गेल्या वर्षी आमच्या कळव्याच्या घरात बाबांचे तेरा दिवस काढताना बघितलंय.

बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. ते पहाटे गेले. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात म्हणून भावाने लगेच फोन लावला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली दोन उशा द्या. इकडे आईने तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घातलेलं आणि मी उशाशी बसून दर थोड्या वेळाने कापसावर पाणी सोडत होते, बाबा नुसते झोपलेत असंच वाटत होतं. टीम आली, अर्ध्या तासात काम करून गेली, चेहरा होता तसाच. गावाहून काका पोचेपर्यंत सगळं आटपलेलं होतं.

काकांना कळल्यावर ते मटकन खालीच बसले. "अरे, पुढच्या जन्मी आंधळा येईल ना माझा भाऊ!" हे ते रागाने नव्हते बोलत, खरंच रडत होते. त्यामुळे त्यांना अंधश्रद्धाळू वगैरे म्हणून मोकळं होणं मला जमलं नाही, अजूनही जमत नाही.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. भात, वडा, बाबांना आवडायची ती करंजी, सगळं मांडलं. कावळे होते, नाही असं नाही, पण पलीकडे कोणीतरी टाकलेल्या फरसाणात गुंतलेले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. आई म्हणाली, ह्यांना कधी वेळेवर जेवायला यायची सवय होती? सगळे हसले पण काका नाही. ते म्हणाले, "डोळेच नाहीत, तर पिंड दिसणार कसा त्याला?" ह्यावर काय बोलणार. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळी गरुडपुराण. त्यात चौऱ्याऐंशी लाख नरक आणि रक्ता-पुवाने भरलेली वैतरणी नदी, ती ओलांडायला गोदान. गाय कुठून आणणार, पाकिटातून दक्षिणा दिली की झालं. माझी मुलगी आठवीत आहे, तिने सगळ्यांसमोर विचारलं की ही वैतरणा म्हणजे सफाळ्याच्या अलीकडचं स्टेशन का? आता तिची काय चूक, त्र्यंबकच्या डोंगरातून निघणाऱ्या वैतरणा नदीवर 1957 मध्ये मोडकसागर धरण बांधलं आणि तेव्हापासून मुंबई तिचंच पाणी पितेय. काका सोडून सगळ्यांना हसू आलं, पण मला दिसलं की आईने मात्र पाकिटात आणखी पाचशेची नोट सरकवली. नेत्रदानाला पहिला होकार तिचाच होता बरं का. म्हणजे डोळे द्यायचे आणि वैतरणीचं पण भागवून ठेवायचं, उगाच रिस्क कशाला!

हे फक्त आपल्यातच आहे असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या कॅथलिक ख्रिस्ती आहेत, मासुंदा तलावाजवळच्या चर्चला जातात. त्यांचा एक भाऊ बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेला, जेमतेम दोन दिवसांचा. अशी बाळं स्वर्गातही नाहीत आणि नरकातही नाहीत, मधेच लिंबोमध्ये राहतात असं त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या शिकवलं जायचं, चर्चचा तो पक्का सिद्धांत कधीच नव्हता तरीही. आंटींची आई ह्याच दुःखात गेली. मग 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहून जाहीर केलं की ह्या बाळांनाही तारण मिळेल अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत. आंटी म्हणतात, मम्मी असताना हे कोणी सांगितलं असतं तर? 2 नोव्हेंबरला, त्यांच्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, त्या आता भावाच्याही नावाची मेणबत्ती लावतात.

तर माझा मुद्दा एवढाच आहे की माणसं बदलायला तयार असतात पण त्यांना कोणीतरी अधिकाराने "चालतं" म्हणावं लागतं. आमच्या गुरुजींनी ते म्हटलं, पण कुठे, तर परत येताना रिक्षात, हळूच. "ताई, दधीचींनी जिवंतपणी हाडं दिली देवांना, तुमच्या बाबांनी गेल्यावर डोळे दिले, दोष कसला त्यात?" मला इतका राग आला! हेच वाक्य ते खाडीवर काकांसमोर बोलले असते तर त्या म्हाताऱ्या माणसाचं वर्ष सुखात गेलं असतं. विचारलं तर म्हणाले, यजमानांच्यात मतभेद असले की आम्ही मध्ये पडत नाही. आई रोज तुकोबांचं "गर्भवासी सुखें घालावें आम्हासी" म्हणते, मोक्षच नको म्हणणारा माणूस आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आणि आपले गुरुजी रिक्षात कुजबुजतात.

काकांचं मन अजून वळलेलं नाही. सर्वपित्रीला त्यांनी वेगळं पान वाढलं आणि ताटाशेजारी बाबांचा जुना चष्मा ठेवला, असं चुलतभाऊ सांगत होता.

म्हणून एक विनंती. पितृपक्षात तुम्ही कुठल्या दिवशी कोणत्या तिथीचं श्राद्ध ते रोज छापता. त्याच चौकटीत दोन-चार जाणत्या गुरुजींना विचारून, त्यांच्या नावानिशी, नेत्रदानाने गतीला बाधा येत नाही एवढी एक ओळ छापाल का? डॉक्टरांचं नको, ते काका वाचत नाहीत. पंचांगाची चौकट मात्र कापून ठेवतात.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)