काकांची फियाट उघडण्याआधी

लक्ष्मीनगर, नागपूर
१२ जून

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि सोबतचे फोटोही. रत्नागिरीच्या घराच्या पडवीत नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली काकांची १९६५ सालची फियाट डिलाइट तू स्वतःच्या हाताने चालू करायचे ठरवलेस, हे वाचून मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. याच गाडीतून काका तुला वसतिगृहावर सोडायला आले होते आणि परत जाताना त्यांनी आपल्या दोघांना सीताबर्डीपर्यंत नेले होते, ते मला अजून आठवते. मात्र पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की पुढच्या आठवड्यात इंजिन उतरवून लेथवाल्याकडे न्यायचे, रिबोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून कातून, नवे पिस्टन घालायचे आणि तोवर बाकीची गाडी सुटी करून पत्र्याचे काम काढायचे. तेवढे मात्र करू नकोस. हे पत्र घाईने लिहितो आहे ते त्यासाठीच.

अशा सुट्या केलेल्या गाड्या मी नागपुरात अनेक पाहिल्या आहेत. उत्साहाच्या पहिल्या महिन्यात सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात जातात, दुसऱ्या महिन्यात घरी लग्न किंवा आजारपण निघते आणि वर्षभराने दारे एका खोलीत, इंजिन दुसऱ्या खोलीत आणि सांगाडा अंगणात अशी अवस्था होते. त्यातली एकही पुन्हा रस्त्यावर आलेली मला ठाऊक नाही. काकांची गाडी उभी राहिली तेव्हा ती चालत होती, असे तूच लिहितोस. चालत असताना उभी केलेली गाडी एकेक दोष काढत पुन्हा चालती करता येते आणि चालती झाली की तिला पुढे काय हवे ते तीच दाखवते.

सुरुवात ब्रेकपासून कर. हे मी फार महागात शिकलो आहे. माझी १९७१ ची फियाट मी धरमपेठेतल्या एका कुटुंबाकडून घेतली, तेव्हा पहिले सहा महिने मी फक्त इंजिनाच्या मागे होतो. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट साफ केले, कार्बोरेटर धुतला, ठिणगीचे टायमिंग लावले आणि इंजिन इतके सुरेख चालू लागले की सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याच्या बाजूने उतरताना मी गाणे म्हणत होतो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तो पायाखाली थेट फळीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा दाबला, तरी तेच. गिअर खाली घेत आणि हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डाव्या बाजूच्या मातीत चढवली. शेजारी मुलगी बसलेली होती, सात वर्षांची. तिला खरचटलेदेखील नाही, पण त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. मोमिनपुऱ्यातले एक वयस्क मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू, त्यांनी दुसऱ्या दिवशी मागचे चाक उघडून ब्रेकचा ड्रम माझ्या हातात दिला आणि एवढेच विचारले, “भाऊ, हे तुम्ही आधी का नाही पाहिले?”

कारण साधे होते. या गाड्यांच्या ब्रेकला ऑइलचे एकच सर्किट असते. चारपैकी कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारे छोटे नळकांडे, गळाला की चारही चाकांचा दाब जातो. तुझ्या गाडीत नऊ वर्षांपूर्वीचे ब्रेक ऑइल आहे आणि ते ऑइल हवेतली ओल शोषून घेते. रत्नागिरीच्या हवेत नऊ पावसाळे म्हणजे सिलेंडरच्या आत गंज धरलेलाच असणार.

गाडी जॅकवर उचल, पण काम लोखंडी घोडी (स्टँड) लावूनच कर. विटा रचून गाडीखाली कधीही जाऊ नकोस, वीट न सांगता फुटते. ड्रम निघाला नाही तर ॲडजस्टर सैल करून लाकडी हातोडीने कडेकडेने ठोक. आतली धूळ फुंकू नकोस आणि हवाही मारू नकोस, कारण त्या काळातल्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाक. मग व्हील सिलेंडरच्या टोकाचे रबरी टोपण हळूच उचल. आत ओल दिसली, तपकिरी चिखलासारखा गाळ दिसला, तर सिलेंडर उतरवायचाच. पिस्टन बाहेर काढून आतली भिंत स्पिरिटने पूस, टॉर्चच्या उजेडात बघ आणि करंगळीचे नख त्यावरून फिरव. नख कुठे अडले नाही तर रबरांचे नवे किट घालून भागेल. अडले, तर तिथे गंजाने खड्डा पडला आहे आणि तो खड्डा नव्या रबराला आठवडाभरात खाऊन टाकेल. अशा वेळी चांगल्या टर्नरकडून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, बसवून घेता येते. रबराचे भाग पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने धुऊ नकोस, फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइलनेच धू.

चाकांकडे जाणारे रबरी होज पाइप वरून धडधाकट दिसले तरी बदल. जुना पाइप आतून फुगतो. मग पायाने दाबलेले ऑइल पुढे जाते पण परत येत नाही, आणि ब्रेक सोडला तरी चाक धरून ठेवते. मी अशा धरलेल्या चाकावर दोन महिने शू आणि ड्रम तपासत होतो, दोष मात्र हातभर पाइपात होता. सगळे जोडून झाले की पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून हवा काढायला घे. तुझ्याकडे दमट हवा आहे म्हणून ऑइल दरवर्षी बदल. इथे मी दोन वर्षांनी बदलतो.

ब्रेक झाले की मगच इंजिन, आणि तेही न उतरवता. १०८९ सीसीचे हे इंजिन फार सोशिक आहे. सेल्फ मारण्याआधी चारही प्लग काढ, प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि एक दिवस थांब. त्यानंतर प्लग न लावताच हँडलने इंजिन फिरवून पाहा. हँडल नसेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूच ढकला. फिरले, की नवे ऑइल, नवा फिल्टर, साफ केलेले पॉइंट. इंजिन अडकून बसले असेल तर जोर करू नकोस, मला कळव. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी भरू नकोस. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड आहे आणि साध्या पाण्याने ते हेड पाण्याच्या वाटांशी कुरतडले जाते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिसळूनच घाल.

पेट्रोलविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण काका गाडी चालवत होते तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नव्हे. आज पंपावर मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळची रबरे त्यासाठी बनलेली नव्हती आणि इथेनॉल ओलही ओढते. गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली. पातळी आपोआप कमी होते, वाढत नाही, म्हणून काठी नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास आला. गाडीतला, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप उघडला. त्यातला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, हाताला चिकट लागत होता, कडेने सुजला होता आणि मधोमध नखाएवढी चीर होती. त्या चिरेतून पेट्रोल थेट खाली ऑइल चेंबरमध्ये उतरत होते. पातळ झालेल्या ऑइलवर मी आणखी महिनाभर गाडी चालवली असती तर बेअरिंगे गेली असती. तेव्हा टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढ, टाकी आतून गंजली आहे का ते बघ, इथेनॉलला टिकणारे नवे होज पाइप आणि नवा डायफ्रॅम घाल, आणि डिपस्टिक बघताना दर वेळी तिचा वासही घे. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत तेवढे दिवस पेट्रोल साठवून ठेवू नकोस.

आमच्याकडची एक व्यथा तुला तिकडे फारशी जाणवणार नाही, पण तू एप्रिल-मेमध्ये घाट चढशील तेव्हा उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी मेअखेरच्या नवतप्यात, पारा ४५ च्या वर असताना, आम्ही रामटेकला निघालो. कामठी ओलांडून कन्हानला चहासाठी थांबलो. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली, अर्धा किलोमीटर गेली आणि धक्के खात बंद पडली. मी प्लग बदलले, पॉइंट घासले, रस्त्याच्या कडेला फडके अंथरून कार्बोरेटरचे झाकण उघडले. आत पेट्रोलचा थेंब नव्हता, टाकी मात्र अर्धी भरलेली. एका ट्रकचा क्लीनर काही न बोलता ओले पोते घेऊन आला, पेट्रोल पंपावर आणि नळीवर त्याने ते गुंडाळले. पोत्यातून चर्र आवाज आला, वाफ उठली, आणि पाच मिनिटांनी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. हा पंप इंजिनालाच बोल्टांनी जखडलेला असतो. गाडी चालू असेतो समोरची हवा त्याला थोडीफार थंड ठेवते. थांबलो की बॉनेटखालची सगळी धग त्याच्यात शिरते, नळीतले पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. आता मी नळी सायलेन्सरच्या गरम भागापासून दूर नेली आहे, मध्ये पत्र्याचा आडोसा लावला आहे, आणि उन्हाळ्यात डिकीत पाण्याची बाटली व एक जाड सुती फडके कायम असते.

पत्र्याविषयी तुझे दुःख मला समजते. विदर्भातली कोरडी हवा पत्र्याला जपते. माझ्या गाडीच्या दारांचा तळ अजून मूळचा आहे. समुद्रकाठी तसे होत नाही. तरी आत्ता लांबी (पुट्टी) भरून रंग मारून घेऊ नकोस. लांबीखाली ओल राहिली तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतात. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात, ती मातीने बुजलेली असतील, आधी ती तारेने मोकळी कर आणि मॅट उचलून फळी वाळव. रंग पुढच्या वर्षी.

सुट्या भागांची तजवीज मात्र याच वर्षी करायला हवी. आपल्या गाड्यांना इतकी वर्षे भाग मिळाले ते १९६४ ची डिलाइट पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने, थोड्याफार फरकाने, चालू सहस्रकाच्या उंबरठ्यापर्यंत कुर्ल्याहून बाहेर पडत राहिली म्हणून; आणि मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींना ते भाग रोज लागत म्हणून. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. ज्या दुकानदारांनी टॅक्सीवाल्यांसाठी माल ठेवला होता ते आता उरलेला माल विकून टाकत आहेत. तुला मुंबई जवळ आहे. व्हील सिलेंडरची आणि मास्टर सिलेंडरची किटे, पंपाचे डायफ्रॅम, पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंपाचे सील हे दोन-दोन घेऊन ठेव, एक संच माझ्यासाठी घे. कंडेन्सर जुन्या साठ्यातला, जुन्या छापाच्या डब्यातला मिळाला तर त्याचे जास्त पैसे देऊनही घे. अलीकडे मिळालेले तीन माझ्याकडे वर्षभरही टिकले नाहीत.

व्हिंटेज नंबरबद्दल तू विचारले आहेस. २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. काकांच्या गाडीचे मूळ कागद तुझ्याकडे असतील तर मी म्हणेन की जुनीच नोंदणी फिटनेस करून वाढवून घे. काका या गाडीतून बाजारात जात, शाळेच्या समितीच्या बैठकांना जात. तुझ्याही हातून ती भाजी आणायला जावी, असे मला मनापासून वाटते. शिवाय आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या गाडीची रबरे आणि ब्रेक जेवढे नीट राहतात तेवढे ताडपत्रीखाली कधीच राहत नाहीत.

एक वही घाल. ज्या दिवशी जे उघडलेस ते तारखेसह लिही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. पॉइंट आणि कार्बोरेटर दोन्ही एकाच दुपारी हलवलेस तर फरक कशाने पडला ते तुला कधीच कळणार नाही.

मागचे डावे चाक उघडलेस की सिलेंडरच्या आतल्या भिंतीचा, टॉर्च धरून काढलेला फोटो मला पाठव. स्लीव्ह लागणार असेल तर सिलेंडर कुरियरने इकडे धाड, माझा टर्नर हे काम उत्तम करतो आणि आठ दिवसांत परत देतो. पोळा झाला की मी चार-पाच दिवसांची सवड काढून येतो. तोवर ब्रेक पुरे कर, पहिली चक्कर आपण दोघे मिळून मारू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर

ता. क. : मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात काकांची कापडी हत्यारांची गुंडाळी असेल. तिच्यातला प्लगचा पाना आणि हँडल भंगारात देऊ नकोस. तेलाच्या फडक्याने पुसून होते तिथेच ठेव.