साखळी रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेण्यासाठी मदतीचे आवाहन

डिचोली आणि आसपासच्या गावांतील बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

रात्री अकरानंतर साखळी रस्त्यावर मोटारसायकलच्या फुटक्या सायलेन्सरचा जो आवाज यायचा, तो गेले आठ महिने बंद आहे. गाडी हाकणारा मुलगा आमच्याच वाड्यावरचा, आता 17 वर्षांचा. 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच. मुलाने अकरावीत शाळा सोडली आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मोटार वाहन कायद्याचे हे कलम 199अ आम्हा पुष्कळांना त्या रात्री ठाण्यातच कळले.

वडिलांसोबत ठाण्यात आले ते गॅरेजवाले मेस्त्री. तरुणपणी ते स्वतः डर्ट ट्रॅकवर धावलेले. त्यांनी पोराला कामावर ठेवले, पण दोन महिने किक मारू दिली नाही. कार्बोरेटर धू, चेन पूस, ब्रेकशू बदल. मग मैदानावर पहिला धडा थांबण्याचा: ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक झटक्याने नाही, दाबत न्यायचा. तीन आठवडे एवढेच. पोरगा कुरकुरला, पण सकाळी साडेसहाला हजर. अकरावीला पुन्हा नाव घातलेय. ती मेस्त्रींचीच अट.

‘रेसचे वेड लावायला वर्गणी कशाला?’ असे मंडळाच्या बैठकीतही विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. ट्रॅकवरही माणूस पडतो. पण तिथे वळणावर समोरून कदंबा बस येत नाही, झेंडे घेऊन मार्शल उभे असतात, रुग्णवाहिका तयार असते.

गोव्यात तसा पक्का ट्रॅक नाही. त्याला कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर प्रशिक्षणाला पाठवायचे आहे. वडिलांनी संमती दिली आहे, मेस्त्री स्वखर्चाने सोबत जातील. फी, प्रवास आणि साहित्य मिळून 70,000 रुपये लागतील. 31,500 जमले आहेत.

वस्तूरूपातही मदत चालेल: आठ नंबरचे रायडिंग बूट, हातमोजे, पाठीचे कवच. हेल्मेट मात्र वापरलेले नको. एकदा आपटले की आतला थर्माकोल दबतो आणि वरून काही दिसत नाही.

रोज सायंकाळी 6 ते 8 मंडळाच्या खोलीत पावती मिळेल. हिशेब चवथीला फलकावर लावू.

मुलाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ओळखत असाल तर कृपया रस्त्यात थांबवून उपदेश करू नका. भेटायचेच असेल तर सकाळी गॅरेजात या. ऑइल बदलायची गाडी घेऊन आलात तर उत्तमच.

— मंडळाची कार्यकारिणी