कंबरदुखी, एमआरआय आणि रिपोर्टवरची एक ओळ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. गाळप हंगाम संपला की ऊसतोड कामगार कंबर धरून येतात. डोक्यावर मोळ्या वाहून, वाकून कोयता चालवून कंबर दुखणारच. पण आता त्यांच्या हातात एमआरआयची फाईलही असते. मुकादमाची उचल फिटलेली नसताना त्यासाठी वेगळं कर्ज काढलेलं असतं. कुणीतरी सांगितलेलं असतं, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय." तेव्हापासून माणूस वाकायलाच घाबरतो.

साहेब, एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पण दिसलेली गादीच दुखण्याचं मूळ असेल असं नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि 60 टक्के लोकांच्या फुगलेल्या. विशीतही 37 टक्क्यांना झीज होती. केस पिकावेत तशीच ही बहुतेकांच्या बाबतीत वयाची खूण. खरोखर सरकलेली गादीही अनेकदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते.

म्हणून पहिले सहा आठवडे, धोक्याचं लक्षण नसेल तर, एमआरआयची गरज नसते. गरज असते ती रुग्णाला पालथं-उताणं झोपवून, पाय उचलून, अंगठ्याची ताकद आणि पायाची संवेदना तपासणाऱ्या माणसाची. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची कायमची जागा द्या, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी याच्या उलट दिशेची वाटेल, पण ती तितकीच निकडीची आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्या रुग्णाला त्याच दिवशी एमआरआय मिळालाच पाहिजे. मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेला असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांत व्हावी लागते; नाहीतर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. असा रुग्ण तारखेच्या रांगेत अडकता कामा नये. ताप, घटणारं वजन, रात्रीही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग नाही ना, हे पाहायलाही एमआरआय लवकर हवा. अशा रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयात रोज एमआरआयच्या काही जागा राखून ठेवा, 108 ला तशी सूचना द्या.

आणि सरकारी एमआरआय रिपोर्टवर मराठीत एक ओळ छापा: या वयात, कंबर न दुखणाऱ्या किती जणांमध्ये हेच बदल आढळतात. अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. 2020 च्या निष्कर्षांत पुढचे उपचार एकूण घटले नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामकं मात्र किंचित कमी लिहिली गेली. नुसत्या ओळीने भागणार नाही, हे मला मान्य आहे. ती वाचून दाखवणारं, समजावणारं माणूस लागेलच, म्हणून तर पहिली मागणी आधी ठेवली. पुढचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. त्याआधी निदान ऊसतोड कामगार ज्या तालुक्यांतून बाहेर पडतात, तिथल्या जागा भराव्यात.

आपली नम्र,
ग्रामीण भागातील एक फिजिओथेरपिस्ट