तिलारी घाटाचा खर्च तिन्ही राज्यांनी वाटून घ्यावा

संपादक साहेब नमस्कार,

तिलारी घाटाबद्दल आजवर फोटो, निवेदनं, बातम्या सगळं छापून आलंय, पण एक मुद्दा नीट मांडला गेला नाही असं वाटतं म्हणून लिहितोय. हा घाट कागदावर पूर्ण महाराष्ट्राचा, वर चंदगड तालुका आणि खाली दोडामार्ग. पण वापरतं कोण? बेळगावहून गोव्याला भाजी-दूध घेऊन जाणाऱ्या गाड्या, आणि मॅपवर जवळचा रस्ता दिसतो म्हणून घाटाची काही माहिती नसताना उतरणारे पर्यटक. शिनोळीजवळ कर्नाटक संपतं, दोडामार्गच्या पुढे गोवा सुरू होतो, मधला रस्ता झिजतो तो आमचा.

मी भेडशीचा, महिन्यातून दोन-तीनदा बेळगावला जाणं होतंच. गेल्या पावसाळ्यात एक ट्रक चढावाला वळणावर अडकला, मागे सरकू नये म्हणून क्लीनरने चाकांखाली दगड लावले, तासाभराने ट्रक कसाबसा निघाला आणि दगड राहिले तिथेच रस्त्यात. धुकं इतकं की दहा फुटांवरचं दिसेना, माझ्या पुढच्या बाईकवाल्याचं चाक त्यातल्याच एका दगडावर चढलं. नशीब म्हणून तो डोंगराच्या बाजूला पडला, दरीच्या बाजूचा कठडा तिथे आधीच तुटलेला होता. आम्ही तिघाचौघांनी गाड्या थांबवून ते दगड उचलून बाजूला टाकले, शेवाळलेले, हातातून निसटणारे दगड. घाटात रेंज नाही, आणि असती तरी फोन कुणाला करायचा? वर कोल्हापूर जिल्हा, खाली सिंधुदुर्ग.

बेळगावच्या किंवा गोव्याच्या लोकांवर माझा अजिबात राग नाही. आमचे पेशंट गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, आमची पोरं म्हापशाला कामाला आहेत, तिकडून भाजी आली नाही तर इकडेही बाजार रिकामा. राग आहे तो अवजड गाड्यांवर बंदी घातली की काम संपलं असं समजण्यावर. मधे तर एसटीही बंद होती, म्हणजे ज्यांच्यामुळे रस्ता खचला नाही त्यांचीच गैरसोय.

आता याच घाटाच्या पायथ्याशी असलेलं तिलारी धरण बघा. १९९० मध्ये महाराष्ट्र आणि गोव्याने करार केला, ज्याला जेवढं पाणी त्याने तेवढा खर्च उचलायचा, गोव्याचा वाटा साधारण ७३ टक्के आणि आपला २७. धरण आहे महाराष्ट्राच्या जमिनीवर, तरी गोव्याने पैसे दिलेच ना! मग पाण्याला जो हिशोब लागतो तो रस्त्याला का लागू नये? महिनाभर घाटाच्या दोन्ही टोकांना माणसं बसवा, एमएच, केए, जीए अशा नंबरप्लेटा मोजा, माल कुठून कुठे चाललाय ते लिहा, आणि त्या प्रमाणात कठडे, गटारं, दरड काढणं आणि पावसाळ्यात घाटावर कायम उभी राहणारी एक क्रेन यांचा खर्च वाटून घ्या.

राष्ट्रीय महामार्ग सोडले तर रस्ता हा राज्याचा विषय, त्यामुळे शेजारच्या राज्याला सक्ती करता येणार नाही हे मान्य. पण १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने ज्या विभागीय परिषदा, म्हणजे शेजारच्या राज्यांनी एकत्र बसून चर्चा करायच्या समित्या, स्थापन झाल्या त्यांच्या विषयांत आंतरराज्य वाहतूक स्पष्ट लिहिलेली आहे. अडचण एवढीच की महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिणेत, त्यामुळे हे तिघे एरवी एका टेबलावर येतच नाहीत. त्याच कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची सोय आहे, ती वापरा. शिवाय पेट्रोल-डिझेलवरच्या सेसमधून जो केंद्राचा रस्ते निधी जमतो त्यात आंतरराज्य जोडरस्त्यांसाठी पैसे मिळतात, तिथेही तिघांनी मिळून मागणी केली तर वजन पडेल.

आमच्या आणि चंदगडच्या आमदारांनी निदान गाड्या मोजायचं काम तरी येत्या पावसाळ्याआधी मार्गी लावावं, त्यासाठी कुठल्याच राज्याची परवानगी लागत नाही.

– एक नियमित प्रवासी, साटेली-भेडशी, ता. दोडामार्ग