हप्ता भरला नाही

चँडलर, अॅरिझोना
14 मार्च 2010

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय. या महिन्याचा घराचा हप्ता मी भरला नाही. पैसे आहेत, नोकरी शाबूत आहे. आम्ही दोघांनी ठरवून भरला नाही, आणि पुढचेही भरणार नाही.

हे घर 2006 मध्ये 3,20,000 डॉलरला घेतलं, तेव्हा तुला फोटो पाठवले होते. बँकेचं अजून 2,75,000 देणं आहे आणि घराला आज कोणी 1,45,000 देईल तर नशीब. हप्ता 2,100 चा. असंच घर मागच्या गल्लीत 1,100 भाड्याने मिळतंय. मुलीच्या शिक्षणाचे पैसे दर महिन्याला या खड्ड्यात ओततोय, असं ही म्हणते, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

आपल्याकडे गृहकर्ज थकलं की घर जातं आणि वर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदाराच्या नि जामीनदाराच्या मागे लागते. इथला कायदा निराळा आहे. अडीच एकरांपर्यंतच्या जागेवरचं एक-दोन कुटुंबांचं राहतं घर असेल, तर लिलावानंतर कमी पडलेली रक्कम बँक मागू शकत नाही. लिलावाची नोटीस नोंदवल्यापासून 90 दिवस मिळतात, मग फिनिक्सच्या कोर्टाबाहेर बोली लागते आणि विषय संपतो. पत खराब होते, तो डाग सात वर्षं राहतो. म्हणजे कर्ज देताना बँकेने घर हेच तारण धरलं होतं, माझी सगळी जिंदगी नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं.

तरी दोन महिने झोप लागली नाही. 2008 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन म्हणाले होते की परवडत असूनही हप्ते सोडणारा माणूस सट्टेबाज आहे. ते फार लागलं होतं. मग या जानेवारीत न्यूयॉर्कमधली स्टायव्हसंट टाउन ही अवाढव्य वसाहत, 2006 मध्ये 540 कोटी डॉलरला घेतलेली, मालक कंपन्यांनी सरळ सावकारांच्या हवाली केली. त्याला सगळे व्यवहार म्हणाले. टक्सनच्या विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ब्रेंट व्हाइट हेच लिहितात: लाज आणि भीती फक्त सामान्य घरमालकाच्या वाट्याला येते. मला ते पटलं.

पण दिलीप, मला खरा अडवत होता तो तुझ्या बाबांचा चेहरा. पतसंस्थेत ते सहकाऱ्याला जामीन राहिले, तो गाव सोडून गेला आणि चार वर्षं बाबांच्या पगारातून कापलं गेलं. एक तारखेला ते पगाराची चिठ्ठी चार घड्या करून खिशात ठेवायचे, काकूंना दाखवायचे नाहीत. त्या घड्या मी पाहिल्या आहेत. कर्ज बुडवणं म्हटलं की मला तेच दिसतं. इथे माझ्यामुळे कोणाच्या पगाराला हात लागणार नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो.

मात्र कोणालाच झळ लागत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. शेजारचं घर गेल्या उन्हाळ्यापासून रिकामं आहे. पोहण्याच्या हौदातलं पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं झालंय, त्यात डास होतात. अंगणातलं लिंबाचं झाड पाण्यावाचून वाळलं. मी कुंपणावरून पाइप टाकून पाणी घालायचो, पण उशीर झाला होता. ते घर लिलावात गेलं आणि आमच्या घराची किंमत आणखी उतरली. आता आमच्यामुळे समोरच्या म्हातारा-म्हातारीच्या घराची उतरेल. त्यांचं कर्ज फिटलंय, त्यांचं सगळं त्या भिंतींतच आहे. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. निघायच्या दिवसापर्यंत अंगण स्वच्छ आणि झाडं हिरवी ठेवणार आहे. तेवढंच माझ्या हातात आहे.

आईला मी जूनमध्ये आल्यावर समोर बसून सांगेन. तोवर तिने विचारलं तर घर बदलतोय एवढंच सांग. पण तुझ्या बाबांना हे पत्र वाचून दाखव, सगळंच्या सगळं. ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळव, रागावले तरी.

काकूंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
अनिल